रोजचे सोळा बेदाणे: एका सशाच्या आहाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणारं एक कुटुंब. आजी-आजोबा, आई-वडील, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सहावीतली मुलगी. मूळ गाव तासगाव तालुक्यात. चुलत्यांची तिथे द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेडही आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, सशाचं नावही. त्याला इथे बंड्या म्हणू.

बंड्या चार वर्षांचा, पांढरा, लाल डोळ्यांचा. वर्षाचा असताना त्याची नसबंदी झाली तेव्हाच्या कागदावर वजन २.३ किलो लिहिलेलं होतं. हा कागद पुढे फार उपयोगी पडला, म्हणून आधीच सांगून ठेवते. बाल्कनीत मोठा पिंजरा, पण दिवसाचा बहुतेक वेळ तो घरभर मोकळा. घरातल्या सगळ्यांचा लाडका आणि आजोबांचा जरा जास्तच.

त्याचं खाणं असं होतं: पेलेटची, म्हणजे सशांच्या तयार खाद्याच्या दाण्यांची, वाटी कायम भरलेली. सकाळी लसूणघासाची (लुसर्न, हिरवा चारा) एक पेंडी. भाजी निवडताना उरलेल्या कोथिंबिरीच्या काड्या, मेथी, गाजराचा तुकडा. सुकं गवत एकदा ऑनलाइन मागवलं होतं, पण "तो त्याला तोंडच लावत नाही" म्हणून ते पिंजऱ्यात अंथरायला वापरलं जाई. आणि बेदाणे.

सांगली-तासगावकडच्या घरात बेदाणा ही विकत आणायची वस्तू नसते. फेब्रुवारी ते एप्रिल शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं वाळतात आणि उन्हाळ्यात नात्यातल्या प्रत्येक घरी खोका पोचतो. या घरी डायनिंग टेबलावर बेदाण्याचा डबा बारा महिने उघडा. येता-जाता माणसं तोंडात टाकतात, तसाच सशालाही एखादा देतात. त्यात कुणाला काही वावगं वाटावं असं काहीच नव्हतं. बेदाणा सशाला विषारी नाही. कुत्र्याला द्राक्षं-बेदाणे दिले तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, तसला प्रकार सशात दिसत नाही. त्यामुळे "ससा बेदाणा खातो का?" या प्रश्नाला सगळीकडे "हो, थोडा चालतो" असंच उत्तर मिळतं, आणि ते चुकीचंही नाही.

अडचण कुठे आली

एप्रिलच्या अखेरीस एका शनिवारी रात्री साडेनऊला मुलीने नेहमीसारखा बेदाणा पुढे केला. बंड्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसरा दिला, तोही तसाच जमिनीवर. तो सोफ्याखाली जाऊन पाय पोटाशी घेऊन बसला. मुलीने आईला सांगितलं. आईने पिंजऱ्याचा ट्रे बघितला तर दुपारपासून लेंड्या जवळजवळ नव्हत्याच. होत्या त्या बारीक, काळपट, आणि दोन-तीन लेंड्या केसांनी एकमेकींना जोडलेल्या. एरवी हरभऱ्याएवढी होणारी लेंडी मिऱ्याएवढी झाली होती.

नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं तेव्हा कळलं, की लेंड्या आठवडाभर हळूहळू लहान होत होत्या. ट्रे घरकामाच्या मावशी साफ करतात. त्यांना ते दिसलं होतं, पण ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. लसूणघासाचे जाड देठ तो काही दिवसांपासून सोडून देत होता. "उन्हाळा आहे, भूक कमी झाली असेल," असं वडिलांनी म्हटलं होतं. पण बेदाणे मात्र तो शनिवारी दुपारपर्यंत झडप घालून खात होता, म्हणून कुणाला काळजी वाटली नाही.

या प्रकरणाची खरी गोम इथेच आहे. बेदाण्याला फारसं चावावं लागत नाही. दाढ दुखत असलेला, पोट जड झालेला ससाही तो मटकावतो. त्यामुळे "खातोय ना!" हा घरच्यांचा दिलासा आठवडाभर खोटा ठरत होता आणि तो खोटा आहे हे कळायला मार्गच नव्हता.

त्या रात्रीचे पर्याय

घरात चार मतं निघाली. ती सविस्तर देते, कारण असा प्रसंग आलेल्या बहुतेक मराठी घरांत हीच चार मतं निघतात.

आजीचं म्हणणं: लंघन. "पोट बिघडलंय, त्याला आज काही देऊ नका. ओव्याचं पाणी चमचाभर पाजा, सकाळपर्यंत ठीक होईल." माणसाच्या पोटाला हा सल्ला कितीदा तरी लागू पडतो. सशाच्या बाबतीत तो उलटतो. सशाचं आतडं चालतं ते आत सतत येणाऱ्या धाग्यांच्या, म्हणजे गवता-पाल्यातल्या तंतूंच्या, रेट्यावर. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, मंदावलं की आत वायू धरतो, वायूने दुखतं आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. शिवाय उपाशी राहिला की शरीरातली चरबी सुटून यकृतावर येते, आणि लठ्ठ सशात हे फार लवकर होतं. त्याला उलटी करता येत नाही, म्हणजे वरूनही सुटका नाही. दहा-बारा तास काहीच न खाणारा ससा हा तातडीचा रुग्ण असतो, हे आजींना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

वडिलांचं म्हणणं: सकाळपर्यंत वाट बघू. शनिवारची रात्र, नेहमीचा दवाखाना बंद.

मुलाचं म्हणणं: औषधाच्या दुकानातून काहीतरी आणू. घरात त्याच्या दातदुखीचं अमॉक्सिसिलिन उरलं होतं, "त्यातलं पाव देऊ का?" असं त्याने विचारलं. हे झालं नाही ते फार बरं झालं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिली जाणारी औषधं इथे चालत नाहीत.

आईचं म्हणणं: आत्ताच कुणालातरी फोन करू. तिने ओळखीतून माझा नंबर मिळवला. मी प्राण्यांची डॉक्टर नाही. ससे पाळणाऱ्यांना खाण्यापिण्याबाबत मदत करते. रात्री पावणेअकराला फोन आला. मी तीन गोष्टी विचारल्या: कान गार आहेत का, दात खाल्ल्याचा आवाज येतोय का, पोट हाताला फुग्यासारखं घट्ट लागतंय का. कान गार होते. बाकी दोन्हींचं उत्तर "नक्की सांगता येत नाही" असं आलं. मी म्हटलं, आत्ता निघा. माझ्या माहितीतल्या, ससे तपासणाऱ्या डॉक्टरांचा नंबर दिला. ते पुण्याबाहेर होते, सकाळी आठला येणार होते. फोनवर त्यांनी सांगितलं: ऊब द्या, पाणी समोर ठेवा, कोथिंबीर-पुदिना पुढे करत राहा, स्वतः खाल्लं तर ठीक, पण तपासणी होईपर्यंत जबरदस्तीने काही भरवू नका. आत अडथळा असेल तर भरवलेलं अन्न जीवावर बेतू शकतं.

रात्रभर उघड्या असलेल्या एका दवाखान्याचा पर्याय होता. आईने तिथे फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं, की आम्ही कुत्री-मांजरी बघतो, सशाचा अनुभव नाही. कुटुंबाने सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. माझ्या मते तिथे निदान तापमान बघून, दुखणं कमी करणारं इंजेक्शन आणि कोमट सलाईन देता आलं असतं; आमच्या डॉक्टरांनी फोनवरून मात्रा सांगितली असती. हा मुद्दा तेव्हा कुणालाच सुचला नाही.

दवाखान्यात

रविवारी सकाळी बंड्याचं तापमान ९९.५ फॅरनहाइट होतं. सशाचं साधारण १०१ ते १०४ असतं. दुखण्यात तापापेक्षा अंग गार पडणं जास्त वाईट, हे सशांबाबत लक्षात ठेवण्यासारखं आहे. वजन २.९ किलो.

पुढचा निर्णय डॉक्टरांचा होता आणि तोच सगळ्यात नाजूक: हे नुसतं आतडं मंदावणं आहे, ज्याला जीआय स्टॅसिस म्हणतात, की कुठेतरी केसांचा गोळा अडकलाय? वरून दोन्ही सारखीच दिसतात, उपचार मात्र वेगळे. एक्स-रेमध्ये जठरात अन्न होतं, सीकममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या मोठ्या पिशवीत, वायू होता, पण जठर पाण्याने फुगून गोल झालेलं नव्हतं. रक्तातली साखर १७० च्या आसपास. घाबरलेल्या सशात ती थोडी चढतेच. अडथळा असलेल्या सशांत ती बरेचदा साडेतीनशेच्याही वर जाते. दोन्ही गोष्टी एकत्र बघून डॉक्टरांनी अडथळा नाही असं धरलं आणि उपचार सुरू केले: आधी ऊब, मग कातडीखाली कोमट सलाईन, दुखण्यावर इंजेक्शन, आतड्याची हालचाल वाढवणारं औषध, आणि अंगात ऊब आल्यावर सिरिंजने भरवणं. भरवायला तयार पावडर त्या दिवशी मिळाली नाही. पेलेट कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरला अगदी बारीक करून, गाळून त्याची पेज केली. सिरिंज तोंडात समोरून नाही, तर बाजूने, पुढच्या दातांच्या मागच्या मोकळ्या जागेतून घालायची, आणि थोडं दिलं की तो चावून गिळेपर्यंत थांबायचं. मुलगी हे आईपेक्षा लवकर शिकली.

डॉक्टरांनी तोंड तपासलं तेव्हा खालच्या दाढांना आतल्या बाजूला टोकं आलेली दिसली. ती जिभेला घासत होती. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा झिजतात. पेलेटचा दाणा वरखाली चावून फुटतो, बेदाणा तर तेवढाही चावावा लागत नाही. मग दाढा झिजणार कशाने? देठ सोडून देण्याचा उलगडा इथे झाला.

हिशेब

सोमवारी रात्री मी त्यांच्या घरी गेले. एक कागद सगळ्यांत फिरवला: बंड्याला आपण दिवसभरात काय देतो ते प्रत्येकाने लिहायचं, दुसऱ्याचं न बघता. कुणालाही दोष द्यायचा नाही असं आधी ठरवून घेतलं, नाहीतर आजोबांनी पेनच उचललं नसतं.

आजोबा सकाळच्या चहाबरोबर चार-पाच बेदाणे देत. मुलगी शाळेतून आल्यावर तीन आणि रात्री एक-दोन. मुलगा "कधीतरी दोन-तीन". वडील ऑफिसातून आल्यावर तीन-चार, कारण बंड्या दारापर्यंत धावत येई. आई बेदाणे देत नसे. ती अर्धा खजूर देई, "लोहासाठी". बेरीज झाली सोळाच्या आसपास बेदाणे आणि अर्धा खजूर. कागद टेबलावर ठेवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, मग वडील म्हणाले, "मला वाटायचं मीच देतो."

आता आकडे. ओल्या द्राक्षात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी जातं, साखर तिथेच राहते. बेदाण्यात वजनाच्या साधारण साठ टक्के साखर असते, खजुरात त्याहून थोडी जास्तच. बेदाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर सोळा बेदाणे म्हणजे आठ ग्रॅम, त्यात पाच ग्रॅम साखर, खजुराची वेगळी. साठ किलोच्या माणसाने त्याच प्रमाणात खायचं ठरवलं तर रोज दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त बेदाणे होतात. उष्मांक मोजले तर बंड्याच्या रोजच्या गरजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा नुसत्या खाऊतून जात होता, उरलेला भरलेल्या पेलेटच्या वाटीतून. गवताला पोटात जागाच नव्हती.

साखरेचं आतड्यात काय होतं तेही थोडक्यात सांगते. सशाच्या पोटात लहान आतड्याच्या शेवटी सीकम ही मोठी पिशवी असते. तिथले जंतू गवताचे धागे आंबवतात. त्यातून तयार झालेल्या मऊ, चकचकीत लेंड्यांचे घोस ससा परत खातो आणि त्यातून जीवनसत्त्वं, प्रथिनं मिळवतो. साखर-पिष्ट जास्त आणि धागे कमी झाले की तिथल्या जंतूंचा समतोल ढळतो. मऊ लेंड्या तो खायचं सोडतो, किंवा लठ्ठपणामुळे तोंड तिथवर पोचत नाही, आणि बूड चिकट राहतं. बंड्याचं बूड गेल्या पावसाळ्यापासून आई दर आठवड्याला धुवत होती. तिला ती स्वच्छतेची बाब वाटत होती. पावसाळ्यात अशा चिकट बुडावर माशी बसून अळ्या पडतात आणि एका दिवसात ससा हाताबाहेर जातो; हे त्यांच्या नशिबाने झालं नव्हतं.

काय बंद करायचं, काय ठेवायचं

तीन पर्याय समोर होते.

पहिला, सुका मेवा कायमचा बंद. सोपा आणि सुरक्षित. आईचा कल इकडे होता.

दुसरा, बेदाण्याऐवजी "आरोग्यदायी" काहीतरी. मुलाने ऑनलाइन शोधलेल्या यादीत वाळवलेली पपई, केळ्याचे काप, वाळलेली स्ट्रॉबेरी, सशांसाठीचे दह्याचे रंगीत थेंब असं बरंच होतं. हे मी बाद केलं. बाजारातली वाळवलेली पपई-अननस बहुतेकदा साखरेच्या पाकातून काढलेली असतात, केळ्याचे काप तळलेले. जर्दाळू, अंजीर, खजूर यांत फरक असतो तो रंगाचा आणि चवीचा. साखर सगळ्यांत भरपूर. अंजिरात कॅल्शियमही बरंच असतं, आणि ससा खाल्लेलं बहुतेक कॅल्शियम शोषून घेतो व जादा लघवीतून टाकतो. रोज लसूणघास खाणाऱ्या बंड्याची लघवी आधीच खडूच्या पाण्यासारखी पांढरट होती. दिवाळीच्या डब्यातले काजू-बदाम-पिस्ते तर चरबीने भरलेले, त्यांचा विचारही नको.

आजोबांनी मधेच विचारलं, "मग बागेतला द्राक्षाचा पाला आणू का? तो तर हिरवा आहे." प्रश्न चांगला होता. द्राक्षवेलीचा पाला सशाला चालतो. पण व्यापारी बागेत छाटणीपासून काढणीपर्यंत फवारण्या चाललेल्या असतात. कुठल्या आठवड्यात काय मारलंय ते बागायतदारालाही वही बघून सांगावं लागतं. नको म्हटलं. त्याच कारणाने हारवाल्याकडच्या गुलाबाच्या पाकळ्याही नको.

तिसरा पर्याय मी मांडला आणि डॉक्टरांनी मान्य केला: दोन आठवडे खाऊ पूर्ण बंद, त्यानंतर दिवसाला अर्धा बेदाणा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या एकाच माणसाने. त्यामागे लाड नव्हता. ससा दुखणं लपवतो; शिकार होणारा प्राणी आहे, तसंच वागणार. त्याला प्राणांहून प्रिय असलेली वस्तू रोज एकाच वेळी पुढे केली आणि त्याने नाकारली, तर काहीतरी बिघडलंय हे तेव्हाच कळतं. शनिवारी रात्री मुलीला कळलं ते असंच, पण दिवसभर सगळेच देत असल्यामुळे खूण उशिरा मिळाली. शिवाय पुढे तोंडावाटे औषध द्यायची वेळ आली तर चोळलेल्या अर्ध्या बेदाण्यावर ते लावता येतं.

आईचा आक्षेप रास्त होता: "अर्ध्याचे परत पाच व्हायला किती दिवस लागतील?" यावर तोडगा मुलीने काढला. औषधाची एक रिकामी छोटी डबी. सकाळी तिने तीत अर्धा बेदाणा आणि कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवायच्या. ज्याला द्यायचं त्याने डबीतलंच द्यायचं. डबी रिकामी, दिवस संपला. टेबलावरचा मोठा डबा फडताळात गेला.

कुठला बेदाणा, हेही ठरवलं. पिवळाधमक, चकचकीत बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो आणि वाळवण्याआधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली असतात. माणसांसाठी ती रूढ पद्धत आहे. सशासाठी धुरी न दिलेला, गडद रंगाचा घ्यायचा, कोमट पाण्यात धुऊन पुसायचा, साखर-तेल लावलेला नाही ना ते बघायचं. चुलत्यांनी शेडमधून तसा वेगळा किलोभर काढून दिला; तो बहुधा बंड्याच्या हयातीत संपणार नाही.

अंमलबजावणी

खाऊ एका दिवसात बंद करता येतो, त्याने काही होत नाही. बाकीचे बदल मात्र सावकाश करावे लागतात. पेलेटची वाटी उचलली आणि वजनी माप सुरू केलं, तीन आठवड्यांत कमी करत रोज पंचवीस-तीस ग्रॅमवर आणलं. लसूणघास बंद केला, कारण तो वाढत्या पिल्लाला ठीक. मोठ्या सशाला त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त होतात. पालेभाज्या एकेक करून वाढवल्या, एक नवी दिली की दोन-तीन दिवस लेंड्या बघायच्या.

गवताचं काम सगळ्यात कठीण गेलं. कडबा आणून पाहिला. टणक, धुळकट, त्याने फक्त पानं ओरबाडली. शेवटी ओटचं वाळलेलं गवत मागवलं आणि ओळखीच्या एका शेतातून हरळी आणि मारवेल आणून गच्चीवर सावलीत वाळवलं. पहिले दहा दिवस दाढा दुखत असल्यामुळे तो मऊ पानंच खाई. दोन आठवड्यांनी, तब्येत सावरल्यावर, भूल देऊन दाढांची टोकं घासली आणि मग फरक पडला.

आजोबांचं काय, हा प्रश्न वेगळाच होता. बंड्या सकाळी त्यांच्या खुर्चीशी येऊन पायजम्याला दात लावी, पिंजऱ्याची जाळी वाजवी. "त्याला उपाशी ठेवता काय रे?" हे वाक्य त्या पंधरवड्यात घरात रोज ऐकू येत होतं. मी आजोबांना गवताचं काम द्या असं सुचवलं. चहाबरोबर बेदाणे नाहीत. त्याऐवजी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबून त्यात पुदिन्याचं एक पान लपवायचं. आजोबांनी ते शेतीच्या कामासारखं मनावर घेतलं. आठवड्याभरात ते कुठल्या गवताला काय वास येतो यावर मलाच सांगू लागले.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, आणि मावशींना स्पष्ट काम: लेंड्या लहान, कमी किंवा केसाळ दिसल्या तर लगेच सांगायचं. या कामाचे महिन्याला दोनशे रुपये वाढवले, हे मला फार आवडलं.

परिणाम

पहिल्या रविवारी संध्याकाळी बंड्याने स्वतःहून कोथिंबीर खाल्ली. तिसऱ्या दिवशी लेंड्या नेहमीच्या आकाराच्या झाल्या. सप्टेंबरअखेर वजन २.४ किलोवर आलं, बूड कोरडं राहू लागलं, लघवीचा पांढरेपणा गेला.

जुलैत मात्र पुन्हा प्रसंग आला. मुलीने रात्री आठला अर्धा बेदाणा पुढे केला, बंड्याने तो हुंगून सोडला. यावेळी पंचेचाळीस मिनिटांत ते दवाखान्यात होते. तापमान अजून पडलेलं नव्हतं, एका इंजेक्शनवर आणि रात्रीच्या दोन भरवण्यांवर भागलं. कारण शोधल्यावर गवताच्या पिशवीच्या तळाशी ओल लागून बुरशी आलेली सापडली. दोन दिवसांपासून तो गवत टाळत होता. आता गवत जाळीच्या पोत्यात, जमिनीपासून उंचावर असतं आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणलं जातं.

दिवाळीत एका पाहुण्याने कौतुकाने अंजीर बर्फीचा तुकडा दिला. काही झालं नाही, पण मुलीने पिंजऱ्यावर पाटी लावली: "मला खाऊ देण्याआधी माझ्या ताईला विचारा."

वेगळं काय करता आलं असतं

शनिवारची रात्र गेली ती गेली. ससा पाळणाऱ्या घराने ससे तपासणाऱ्या डॉक्टरांचे दोन नंबर आधीच मिळवून ठेवावेत, त्यातला एक रात्रीचा. आणि जवळच्या दवाखान्याला अनुभव नसेल तर त्यांना सशांच्या डॉक्टरांशी फोनवर जोडून द्यावं. निदान ऊब आणि वेदनाशामक यांसाठी सकाळची वाट बघायची गरज नव्हती.

दाढांची तपासणी वर्षातून एकदा झाली असती तर टोकं आधी सापडली असती. नसबंदीनंतर तीन वर्षं बंड्या दवाखान्यात गेलाच नव्हता, कारण तो आजारीच पडला नव्हता. वजनही कुणी केलं नव्हतं. ६०० ग्रॅम वाढ रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

दाढा त्याच रविवारी घासायला हव्या होत्या का, यावर मी आणि डॉक्टर अजून वाद घालतो. माझं म्हणणं, दुखणं आठवडाभर तरी कमी झालं असतं. त्यांचं म्हणणं, अंग गार पडलेल्या, आतडं बंद पडलेल्या लठ्ठ सशाला भूल देण्यातला धोका त्याहून मोठा होता. निर्णय त्यांचा होता आणि ससा जगला, तेव्हा तूर्त त्यांची बाजू वर आहे.

अर्ध्या बेदाण्याचा उपाय मी सरसकट कुणाला सुचवणार नाही. ज्या घरात लहान मुलं आहेत, पाहुण्यांची ये-जा आहे आणि डबीचा नियम पाळणारं माणूस नाही, तिथे सुका मेवा पूर्ण बंदच बरा. खूण म्हणून पुदिन्याचं पानही चालतं. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला फळ ओलंही नको, सुकंही नको. लघवीत खर धरणाऱ्या, वारंवार पोट बिघडणाऱ्या किंवा वजन जास्त असलेल्या सशालाही नको. निरोगी, गवत भरपूर खाणाऱ्या दोन-अडीच किलोच्या सशाला ताजं फळ आठवड्यातून एक-दोनदा चमचाभर, आणि सुकं असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, एवढंच माप मी देते. एका दिवशी दोन्ही नाही. सफरचंदाचे वाळवलेले काप घरी करत असाल तर बिया आणि मधला गाभा काढून टाका.

बंड्याच्या दाढांना टोकं परत येतात. गेल्या तपासणीत डाव्या बाजूला पुन्हा सुरुवात दिसली, आणि आता दर सहा महिन्यांनी तोंड बघायचं ठरलं आहे. ते बहुधा आयुष्यभर चालेल.